पिवळ्या गाईडमधला शेवटचा प्रश्न

तेल्हाऱ्याच्या कॉलेजात एकतीस वर्षं इंग्रजी वाङ्मय शिकवून वामनराव ताथोड निवृत्त झाले, तेव्हा जगाला दाखवण्यासारख्या त्यांच्या दोनच गोष्टी होत्या. एक अकोल्याच्या जठारपेठेतलं दोन मजली घर आणि दुसरं पिवळं गाईड. घराचं कौतुक नातेवाइकांपुरतं. गाईडचं तसं नव्हतं. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत बी.ए.ला इंग्रजी घेऊन पास झालेला कुणीही भेटला, की आधी हसायचा आणि मग म्हणायचा, "सर, तुमच्या पिवळ्यानं वाचवलं बरं!" वामनरावांना हे ऐकायला आवडायचं. आवडत नाही असं दाखवायलाही आवडायचं.

गाईड म्हणजे ऐंशी पानांचं बारकं पुस्तक. अभ्यासाला दोनशे वर्षांपूर्वीची एक जाडजूड इंग्रजी कादंबरी नेमलेली होती, तिच्यावरचे चौदा प्रश्न, त्यांची इंग्रजी उत्तरं आणि प्रत्येक उत्तराखाली 'इंग्रजीची भीती वाटणाऱ्यांसाठी' मराठी सारांश. मूळ कादंबरी कुणी उघडत नव्हतं. पोरं मराठी सारांश पाठ करायची आणि पेपरात इंग्रजी लिहायची. ते कसं लिहायची हे तपासणाऱ्यांनाच ठाऊक.

कादंबरीची गोष्ट साधी होती. इंग्लंडातल्या एका खेड्यात एक म्हातारा जमीनदार असतो. त्याची मुलगी लोकरीच्या एका व्यापाऱ्याच्या प्रेमात पडते. म्हाताऱ्याला जावई हवा जमीनवाला, पण मातीत हात न घालणारा. घरात पैसा यावा, पण तो कुठून येतो हे विचारलं तर जावयाला चटकन सांगता येऊ नये, अशी त्याची खानदानीपणाची कल्पना. लोकर विकणारा म्हणजे त्याच्या लेखी खालच्या पायरीवरचा, मग त्याच्या वखारी अर्ध्या गावात का असेनात.

हे शिकवताना वामनराव फुलायचे. साहेबांच्या नाचाच्या मेजवानीचं वर्णन आलं की सांगायचे, "हा परिचय मेळावा समजा. आपल्याकडे मुलं-मुली माइकवर शिक्षण आणि उंची सांगतात, तिकडे नाचून दाखवतात, एवढाच फरक." श्रीमंताच्या घरी मुलांना शिकवणारी गरीब, हुशार बाई आली की म्हणायचे, "ही विनाअनुदानित शाळेतली मॅडम. हिला सगळं येतं, पण स्थळ येत नाही." आणि प्रेम? "इंग्रजी कादंबरीत प्रेम पहिल्या पानावर शोधू नका. आधी मुलाची जमीन, मग घर, मग घोडे, मग तो कुणाचा कोण लागतो ते. प्रेम बाराव्या प्रकरणात सुरू होतं. हे लिहून घ्या." हे म्हणताना उजव्या हाताची दोन बोटं वर जायची. ही सवय त्यांना घरीही सुटली नाही. भाजीवाल्यालाही ते दोन बोटं वर करून सांगायचे की कोथिंबीर ताजी हवी, हे लिहून घ्या.

तेल्हाऱ्याच्या कापूसवाल्यांच्या पोरांना लंडन नकाशात दाखवता आलं नसतं, पण चुलत बहिणीची सोयरीक चार एकरांवरून कशी मोडली ते चांगलं माहीत होतं. त्यामुळे त्यांना ही कादंबरी कधी परकी वाटली नाही.

सगळ्यात गाजायचं ते एकोणिसावं प्रकरण. त्यात म्हातारा जमीनदार वेष बदलून लोकरवाल्याच्या वखारीत गुपचूप चौकशीला जातो आणि हसं करून घेतो. वामनराव त्या दिवशी मुद्दाम मफलर आणि छत्री घेऊन यायचे. मफलर डोक्याला गुंडाळून, छत्री काठीसारखी टेकत बाकांमधून वाकून चालायचे. शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीत यायची. मग ते मफलर काढून गंभीर व्हायचे आणि म्हणायचे, "हा माणूस मूर्ख का आहे? कारण तो स्वतःच्या मुलीला सोडून सगळ्या गावाला विचारतो. हे लिहून घ्या."

शहाण्णव सालच्या तुकडीत पहिल्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीनं हात वर करून विचारलं होतं, "सर, शेवटी हा म्हातारा सुधरते का?" गाईडमधला चौदावा आणि शेवटचा प्रश्न नेमका हाच होता: 'शेवटच्या प्रकरणात जमीनदाराच्या वागण्यात कोणता बदल होतो?' त्याखाली उत्तराच्या जागी वामनरावांनी छापलं होतं, 'हा प्रश्न परीक्षेत येत नाही.' मुलीलाही त्यांनी तेच सांगितलं. "सोडून दे. वेळ घालवू नको."

तर असे हे वामनराव. त्यांना एकुलती एक मुलगी, प्रणाली. शेतकीची पदवी घेऊन, स्पर्धा परीक्षा देऊन ती कृषी अधिकारी झाली आणि वरूडला लागली. वामनरावांनी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून स्थळं पाहायला घेतली. त्यांची अट छोटी होती. मुलाला नोकरी हवी, फ्लॅट हवा, आणि गावाकडे दहा-पंधरा एकर ओलिताची शेती हवी. मात्र तो शेतात जाणारा नको.

आता यात वामनरावांना काही विपरीत दिसत नव्हतं, यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. वऱ्हाडात मुलीच्या कुठल्याही बापाला विचारा, तो हेच सांगेल. फक्त त्या बापांनी यावर गाईड लिहिलेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत प्रीतम नावाचा मुलगा पाहायला आला. पुण्यात कंपनीत, दर्यापूरकडे बारा एकर. पोहे झाले, चहा झाला. मुलीला काही विचारायचं असेल तर विचार, असं मुलाच्या वडिलांनी मोठ्या मनानं सांगितलं. प्रणालीनं विचारलं, "शेतात सध्या काय आहे?"

"शेत ठोक्यानं दिलेलं आहे, दुसरा कसतो," प्रीतम म्हणाला.

"हो, पण पेरलंय काय?"

प्रीतमनं वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी पंख्याकडे पाहिलं. मग प्रीतमनं खिशातून मोबाईल काढून गेल्या महिन्यातला एक फोटो दाखवला. त्यात तो स्वतः गॉगल लावून उभा होता आणि मागे काहीतरी हिरवं होतं. "हेच," तो म्हणाला, "जे आहे ते."

"तूर आहे," प्रणालीनं सांगितलं. प्रीतमनं मनापासून आभार मानले. मुलगा खरंच सरळ होता.

वामनराव मनातून खूश झाले. जमीन आहे, पण चपलेला लागलेली नाही. पाहुणे गेल्यावर ते मनकर्णाबाईंना म्हणाले, "असा मुलगा शोधून सापडणार नाही."

"बाबा," प्रणाली कप उचलता उचलता म्हणाली, "पोरगा वाईट नाही. पण माहं ठरलं हाये. वरूडचा शिवम बेलसरे."

वामनराव खुर्चीत सरळ झाले. "काय करतो?"

"संत्र्याचं पॅकिंग. घरची बाग हाये, शेड हाये. दुसऱ्यांचाबी माल घेते, गाड्या भरून पाठवते."

"म्हणजे विकतो?"

"मंग काय जपून ठेवते?"

ती त्याच्या बागेत रोग पाहायला गेली होती. फवारणीवरून दोघांचं भांडण झालं. आठ दिवसांनी तो ऑफिसात आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, मॅडम, तुमचंच बरोबर होतं. "चूक झाली असं तोंडानं म्हननारा मानूस मी आपल्या घरात तं अजून पायला नाही," प्रणाली म्हणाली. मनकर्णाबाई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेल्या.

वामनरावांनी आवाज चढवला. ताथोडांची मुलगी, क्लास टू अधिकारी, आणि संत्री विकणाऱ्याच्या घरी? लोक काय म्हणतील? अधिकारीणबाईंचा नवरा पेट्या मोजतो? प्रणालीनं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "मी पळून जानार नाही. तुमच्या हो शिवाय लग्नबी करनार नाही. पण दुसऱ्या कोनासंगबी नाही करनार. आता तुमी काय ते ठरवा." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती वरूडला निघून गेली.

त्यानंतर तिचा रोज दुपारी एक वाजता फोन यायचा. "बाबा, बीपीची गोळी घेतली का?" एवढंच. घेतली म्हटलं की, "बरं," आणि फोन बंद. आधी ती अर्धा-अर्धा तास बोलायची. कुणाच्या बागेत काय पाहिलं, कुणी काय विचारलं, सगळं सांगायची. आता महिना होत आला होता. वामनरावांना त्या एका वाक्याच्या फोनची भीती वाटू लागली होती आणि तो आला नाही तर काय, याची त्याहून जास्त.

"जाऊन पाहून या ना एकदा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "घर पाहा, पोरगं पाहा, इहीनबाई, पोराची माय, कशी हाये ते पाहा. अठी खुर्चीत बसून संत्रं आंबट का गोड, कसं समजन?"

पण जायचं कसं? उघड गेलं म्हणजे सोयरीक अर्धी मान्य केल्यासारखी. शिवाय ताथोडांच्या घराण्यात एक कडक रीत होती. सोयरीक पक्की होईपर्यंत मुलीच्या बापानं मुलाकडचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, आणि चहा घेतला म्हणजे हो म्हटलं. वामनरावांचे आजोबा म्हणे ऐन मे महिन्यात परतवाड्याला चक्कर येऊन पडले होते, पण शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाण्याचा तांब्या हातानं दूर सारला होता. या गोष्टीचा घराण्यात फार अभिमान. त्यांना कुणी सावलीत का नेलं नाही, हे कुणी विचारत नाही.

शेवटी वामनरावांनी बेत रचला. गुपचूप जायचं, चौकशी करायची, नाव सांगायचं नाही. अमरावतीला पेन्शनच्या कामाला जातो असं घरी सांगून ते सकाळी लवकरच निघाले. डोक्याला मफलर, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा, हातात छत्री. नोव्हेंबर महिना होता, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"पेन्शनच्या ऑफिसात काळा चष्मा?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"ऊन आहे."

"अन् छत्री?"

"पाऊस आला तर?"

मनकर्णाबाईंनी दाराला टेकून त्यांना कोपऱ्यापर्यंत जाताना पाहिलं. एकतीस वर्षं जेवताना ही कादंबरी ऐकून त्यांनाही तोंडपाठ झाली होती. पण त्यांनी हाक न मारता दार लावून घेतलं. कुठली गोष्ट घडू द्यावी आणि कुठली अडवावी, याची त्या बाईंना चांगली समज होती.

अकोला ते अमरावती एक बस, अमरावती ते वरूड दुसरी. बसमध्ये वामनरावांनी स्वतःला नाव दिलं, गुलाबराव अकोलेकर. संत्र्यांचे व्यापारी. वरूडला उतरून रिक्षावाल्याला बेलसऱ्यांची शेड विचारली, तर त्यानं कुठली हे न विचारता नेऊन सोडलं. हीही एक माहितीच, असं वामनरावांनी मनात टिपलं.

शेडच्या दारात दोन ट्रक आणि ट्रॅक्टर उभे होते. आत गुडघाभर उंचीचा संत्र्यांचा ढीग, आणि भोवती दहा-बारा बाया बसून माल निवडत होत्या. मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर पन्नाशीला आलेली एक बाई बसली होती. अंबाड्यात पेन खोचलेला, नजर हातांवर. समोरून जाणाऱ्या संत्र्यांतलं एखादं ती न बघितल्यासारखं करून उचलायची आणि बाजूला टाकायची. ते नेमकं डागी निघायचं.

"कोन पाहिजे?" तिनं विचारलं.

"मी गुलाबराव अकोलेकर. अकोल्याचा व्यापारी. माल पाहायला आलो आहे."

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मफलर पाहिला, चष्मा पाहिला, छत्रीवर नजर जरा जास्त वेळ थांबली. "बसा शेठ. पानी घ्या."

"पाणी नको," वामनराव समोरच्या खुर्चीवर बसत म्हणाले.

"मंग चहा मांडते."

"चहा तर मुळीच नको!" वामनराव इतक्या घाईनं म्हणाले, की दोन बायांच्या हातातली संत्री खाली पडली.

"बरं. माल कसा पाहिजे?"

"चांगल्या घरातला," वामनराव म्हणाले. मग सावरून, "म्हणजे, चांगल्या बागेतला."

"आंबिया बहाराचा का मृगाचा?"

हा प्रश्न बसमध्ये सुचला नव्हता. "दोन्ही थोडे थोडे."

"मृगाचा माल फेब्रुवारीत येते, शेठ."

"मग तोवर थांबू."

एक बाई खोकली. दुसरी ढिगाच्या आड गेली. वामनरावांनी मात्र गाडी आता हव्या त्या रस्त्याला लावली. "मालकाचा मुलगा म्हणे शिवम. स्वभावानं कसा?"

"संत्रं घ्याचं तं त्याच्या स्वभावाचं काय करता?"

"व्यवहार करायचा म्हणजे माणूस कळला पाहिजे. शिक्षण?"

"शेतकीची डिग्री."

"व्यसन?"

"मोबाईल."

"घरात कोण कोण?"

"माय, बाप, म्हातारी आजी."

वामनराव थोडे पुढे वाकले, आवाज खाली आणला. "आई कशी आहे?"

बाई गंभीर झाली. इकडे तिकडे पाहून तीही पुढे वाकली. "भलती तिरपट बाई हाये, शेठ. अर्धं गाव भेते तिले."

आता मात्र बायांना आवरेना. एकजण चक्क उठून बाहेर गेली. वामनरावांना वाटलं, त्या बिचाऱ्या मालकिणीच्या धाकानं गेल्या. त्यांना मनातून बरंही वाटलं, कारण नकाराला कारण सापडलं होतं. मुलगा चांगला, पण सासू खाष्ट. यात संत्र्यांचा उल्लेखही करायची गरज नव्हती. ते उठले आणि जाता जाता व्यापाऱ्यासारखं काहीतरी बोलावं म्हणून म्हणाले, "तर असं करा. पहिल्या नंबरचा माल, पाच पेट्या." त्यांची दोन बोटं वर गेली. "हे लिहून घ्या."

बाईनं अंबाड्यातला पेन काढला.

"घेतलं लिहून, सर," ती म्हणाली.

शेठचे सर कधी झाले, हे वामनरावांच्या लक्षात यायच्या आत बाई खुर्चीतून उठली. हात मागे बांधून, तोंडी परीक्षेला उभं राहावं तशी उभी राहिली आणि तिनं एका सुरात सुरू केलं:

"उत्तर क्रमांक सात. प्रस्तुत जमीनदार मनाने दुष्ट नाही. तो केवळ घाबरलेला आहे. त्याला जावई मुलीसाठी नको असून शेजाऱ्यांना दाखवण्यासाठी हवा आहे. त्याला जमीन हवी आहे, परंतु जमिनीत राबणारा नको आहे. म्हणून तो डोक्यास मफलर गुंडाळून वखारीत जातो व स्वतःच्या मुलीला सोडून सगळ्या गावाला विचारतो. अशा रीतीने लेखकाने येथे उत्तम विनोद साधला आहे." तिनं श्वास घेतला. "दहापैकी नऊ मार्क भेटले होते मले या उत्तराले."

वामनरावांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की एक मार्क कुणी आणि का कापला? इतका मास्तर माणूस. दुसरा विचार यायला जरा वेळ लागला. त्यांनी हात वर नेऊन डोक्यावरचा मफलर चाचपला. मग हातातली छत्री पाहिली. मग चष्मा काढला. आपलं वय, आपली एकतीस वर्षं, आपलं पिवळं गाईड, सगळं घेऊन जमिनीत जावं असं त्यांना झालं. वर्गात हा म्हातारा करताना सगळी पोरं हसायची आणि आपण त्यांच्या बाजूनं होतो. आज तसं नव्हतं.

"तू," ते म्हणाले, आणि थबकले. विद्यार्थिनीला 'तू' बरोबर होतं. पण मुलाची आई असेल तर? "तुम्ही... शहाण्णवची तुकडी? पहिला बाक? माया खारोडे?"

"तवाची खारोडे. आता माया बेलसरे. शिवमची माय. ते तिरपट बाई मीच."

वामनराव मटकन खुर्चीत बसले.

"प्रणालीचं आडनाव आयकलं अन् तवाच मी शिवमले म्हनलं, सर येईन. अन् सांगून येनार नाही," मायाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच वामनरावांना जड जात होतं. "खोटं कावून बोलू, सर? मलेबी नोकरीवालाच पाहिजे होता. बी.ए. झाली होती ना इंग्रजी घेऊन. हे मले पाहाले आले तं नखात माती. सोयरीक ठरली अन् तीन दिवस रडली मी."

"मग?"

"मंग अठी आली तं संत्र्याचा सीझन. रडाले टाइमच नाही भेटला. दोन वर्सांनी हे मालाच्या गाडीसंग दिल्लीले गेलते. चार दिवस झाले अन् मले करमून नव्हतं राहिलं. डोक्शात आलं, सरांचं बारावं प्रकरण सुरू झालं वाटते." त्या हसल्या. बायाही हसल्या, पण आता वेगळं हसल्या.

मग मायाबाई समोरच्या पेटीवर बसल्या. "सर, एक राहिलं. चौदावा प्रश्न. म्हातारा शेवटी सुधरते का? तुमी म्हनलं होतं, परीक्षेत येत नाही. आला पाहा आता."

वामनरावांची दोन बोटं सवयीनं वर गेली आणि परत खाली आली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याजवळ टिपण नव्हतं.

"मला येत नाही," ते म्हणाले. "मी ती शेवटची तीन प्रकरणं कधी वाचलीच नाहीत. गाईड लिहिलं तेव्हा प्रकाशकाला घाई होती. पुढे दरवर्षी पोर्शन एकोणिसाव्या प्रकरणाशीच संपायचा. मग कुणी विचारलंही नाही."

"मी विचारलं होतं."

"हो," वामनराव म्हणाले. "तू विचारलं होतंस."

ट्रकच्या मागून एक उंच, सावळा मुलगा आत आला. हाताला संत्र्यांचा पिवळा रंग चढलेला, शर्टावर पानं चिकटलेली. आईसमोर बसलेला मफलरवाला म्हातारा कोण, हे त्याला माहीत नव्हतं. "आई, काकांना पानी दिलं का?" एवढं विचारून तो पेट्या उचलायला गेलाही. पाहुणा कोण, काय घेणार, किती घेणार, हे त्यानं विचारलं नाही. आधी पाण्याचं विचारलं. वामनरावांच्या ते मनाला लागलं.

"तुम्ही वाचलीत ती तीन प्रकरणं?" त्यांनी मायाबाईंना विचारलं.

"लग्न झाल्यावर वाचली. माहेराहून तेवढं एकच पुस्तक आनलं होतं. डिक्शनरी घेऊन बसली, दोन पावसाळे गेले."

"मग काय करतो शेवटी म्हातारा?"

"काहीच मोठं नाही करत, सर. भाषन नाही देत, पाया नाही पडत. ज्या लोकरवाल्याच्या उंबऱ्यात कधी पाय नव्हता ठेवला, त्याच्या घरी जाते, खुर्चीवर बसते, अन् आपल्या तोंडानं चहा मांगते. बस. तठीच पुस्तक संपते."

वामनरावांना परतवाड्याला चक्कर येऊन पडलेले आजोबा आठवले, आणि पहिल्यांदाच वाटलं की त्या तांब्यातलं पाणी आजोबांनी घ्यायला हवं होतं. त्यांनी डोक्याचा मफलर सोडला, नीट घडी करून मांडीवर ठेवला. घसा खाकरला. आणि एकतीस वर्षं वर्गात जपलेली शुद्ध मराठी त्या शेडमध्ये कुठल्या कुठे गेली.

"इहीनबाई," ते म्हणाले, "मांडा मंग चहा. साखर जराशी जास्त टाकजा."

मायाबाईंनी पदरानं डोळे पुसले, मग हातातल्या पेनानं समोरच्या पेटीच्या पुठ्ठ्यावर एक आकडा लिहिला आणि पेटी त्यांच्याकडे फिरवली. "दहापैकी नऊ, सर. उशिरा लिहिलं म्हनून एक कापला." आणि त्या चहा मांडायला गेल्या.

तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. एक वाजला होता.

"बाबा," पलीकडून प्रणालीचा तोच कोरडा आवाज आला, "बीपीची गोळी घेतली का?"

"नाही घेतली अजून," वामनराव म्हणाले. "शिवमची माय चहा मांडून राहिली. त्याच्यावर घेतो."

वामनरावांना वाटलं, फोन कट झाला. त्यांनी तो कानापासून दूर धरून पाहिला, पुन्हा कानाला लावला, आणि मग त्यांना आपली मुलगी रडत हसताना ऐकू आली.